आधी आतून

लॅबमधली भट्टी त्या दुपारी बंद पडली नसती तर तो नेहमीसारखा साडेसातला घरी आला असता, आणि तोवर सगळी आवराआवर झालेली असती. गाडी कपाटावर तिच्या जागी, बादली मोरीत, वडील टीव्हीसमोर. मग त्याला काय सांगितलं गेलं असतं कोण जाणे. पण तो साडेतीनलाच आला. चपला काढतानाच साबणाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला टर्पेंटाइनचा. गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, जुन्या वर्तमानपत्रावर त्याची गाडी ठेवलेली होती. हिरवीगार. मागचं दार उघडं, वरची दोन्ही झाकणं उघडी, तोंड उन्हाकडे. शेजारी बुटक्या स्टुलावर वडील, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात दाढीचा जुना ब्रश. त्यांच्या बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतली होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं नाही. हातातलं काम संपत आलेलं असताना मध्येच कुणी आलं तर माणूस पाहतो, तसं. आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचा स्वतःचा चेहरा सैल झाला. ओठ किंचित उघडे पडले. "धूळ बसली होती रे," ते म्हणाले. "म्हटलं, पुसून ठेवावी."

चौदा महिने. धूळ होती ती चौदा महिन्यांची, आणि त्यातला कण न् कण त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता. सैनिकांची ने-आण करणारी, पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी, मूळ गाडीच्या एक दशांश, हातभर लांब. बाजारात तयार सुटे भाग मिळतात तसली नव्हे. प्लास्टिकचा पत्रा कापून, पट्ट्याची एकेक कडी ओतून, आतले बाकसुद्धा फळीफळीनं जोडून केलेली. बांधायला आठ महिने आणि मळवायला सहा. गाडी बांधणं कुणालाही जमेल, तो म्हणायचा. खरी कसोटी पुढे. नवी कोरी गाडी खेळणं दिसते. तिला पाऊस खावा लागतो, ऊन खावं लागतं, माणसांचे बूट खावे लागतात. तो चाळलेल्या मातीत प्लास्टर आणि रंगाची पूड कालवून चिखल करायचा, ओला वेगळा, वाळून भेगाळलेला वेगळा. तेलाचे ओघळ तपकिरी रंग पातळ करून एका केसाच्या ब्रशानं ओढायचा. कडांवरचे ओरखडे स्पंजच्या तुकड्यानं टिपायचा. हे त्याच्या हातात होतंच. तो दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवायचा, वीस वर्षं. नवा दात पांढराशुभ्र केला की तोंडात तो एकटाच खोटा दिसतो. शेजारच्या दातांवर चहाचे, तंबाखूचे, वयाचे जेवढे डाग असतील तेवढे त्याच्यावर आधीच चढवावे लागतात, तेव्हा कुठे तो खरा वाटतो. डॉक्टर त्याला म्हणायचे, तुमच्या हातचा दात जन्मतःच चाळिशीचा असतो. बायको म्हणायची, तुला नवं काही बघवतच नाही. थट्टेनंच म्हणायची, पण हल्ली त्यात थट्टा किती आणि कंटाळा किती हे त्याला नीट ओळखता येत नव्हतं.

आणि ही गाडी काही अशीच कुठलीतरी नव्हती. आई गेल्यावर वडील त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत त्याला एक फोटो मिळाला होता. वडील बावीस वर्षांचे, फौजेच्या वर्कशॉपच्या आवारात, एका चिखलानं लडबडलेल्या गाडीला टेकून उभे. हसताहेत, अगदी दाढा दिसेपर्यंत. हे हसू त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला माहीत असलेले वडील म्हणजे शिस्तीत दाढी करणारा, घड्याळाला चावी देणारा, लढाईबद्दल विचारलं की "आम्ही कुठे लढलो, आम्ही नटबोल्ट आवळले" म्हणून पेपर उघडणारा माणूस. लहानपणी शाळेत बाकीची मुलं बापांच्या फुशारक्या मारायची, तेव्हा याच्याजवळ नटबोल्टच होते. म्हणून त्या हसणाऱ्या माणसाची गाडी त्यानं करायला घेतली. फोटो भिंगाखाली धरून त्यानं चिखलाचा शिंतोडा न् शिंतोडा उचलला. मागच्या दारावरचा आकडासुद्धा, दोनशे सतरा, सातच्या मोडक्या शेंडीसकट. वडील रोज त्याच्या खोलीच्या दारावरून जायचे-यायचे. कधी आत डोकावले नाहीत, आणि त्यानंही मुद्दाम दाखवली नाही. गेल्याच आठवड्यात, गाडी पुरी झाल्यावर, त्यानं ती त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ओळखा." वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेहनत केलीस." तो खूश झाला होता. त्या खुशीतच म्हणाला होता, "रविवारी आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. तुम्ही गाडीशेजारी खुर्चीवर बसायचं, बाबा. फोटो फ्रेम करून मागे लावतो. लोक विचारतील, तुम्ही सांगायचं."

आता गॅलरीत तो ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. चौदा महिने, असं दोनदा तरी. मग, तुम्हाला माझं एक तरी काम कधी धड ठेवता आलं का. आणि मग, आई असती तर तिनं तुम्हाला हातसुद्धा लावू दिला नसता. हे शेवटचं वाक्य तोंडातून जाताना त्याला दिसलं, एखाद्यानं फेकलेली वस्तू हवेत दिसते तसं, पण ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. वडिलांनी ब्रश पाण्यात बुडवला, बादलीच्या काठावर दोनदा आपटून झटकला, आणि म्हणाले, "मला वाटलं धूळ आहे. हल्ली लक्षात राहत नाही रे." त्यांचा आवाज इतका म्हातारा त्यानं आधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी बायकोनं त्याच्या ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या शहरात, पण तिचा आवाज खोलीभर. "अगं, मागच्या महिन्यात मला त्यांनी दोनदा एकच गोष्ट सांगितली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आणि हा काय ओरडतोय त्यांच्यावर? आजार आहे तो. दे त्याला फोन." त्यानं फोन घेतला नाही. पण आजार हा शब्द कानावर पडल्याबरोबर त्याच्या छातीतलं काहीतरी एक बोट खाली उतरलं. आजार असेल तर राग कुणावर नाही. आजारानं धुतली, वडिलांनी नव्हे. तो खोलीत जाऊन गाडीसमोर बसला आणि सवयीनं दिवा लावला, भिंग ओढलं. आणि भिंगात त्याला वेगळंच दिसायला लागलं. चिखल नुसत्या साबणाच्या पाण्यानं काढला होता. तेलाचे ओघळ मात्र पाण्यानं निघत नाहीत, तर ते त्याच्याच बाटलीतल्या टर्पेंटाइननं, फडक्याच्या टोकानं, खालचा हिरवा रंग जराही न दुखावता टिपून घेतले होते. जिथे स्पंजचे ओरखडे होते तिथे बारीक हिरवे ठिपके होते, त्याच्याच डबीतल्या रंगाचे, एकाआड एक झाकत नेलेले. बाकांच्या खाली, जिथे त्याचं स्वतःचं बोट जात नव्हतं, तिथे कापूस लावलेली काडी फिरली होती. पाण्याच्या सुकलेल्या रेषा सांगत होत्या की सुरुवात बाहेरून झालीच नव्हती. आधी आतून. छतापासून, मग भिंती, मग बाक, सगळ्यात शेवटी जमीन, आणि पाणी मागच्या दारातून बाहेर काढलेलं. धूळ पुसणारा म्हातारा आधी टप पुसतो. हे काम माहीत असलेल्या माणसानं केलेलं होतं. त्यानं दिवा मालवला. बायकोनं दारातून विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. डॉक्टरांची वेळ घे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसतमुख. "आजोबा, सोप्पे प्रश्न आहेत हं. साल कुठलं?" वडिलांनी छताकडे पाहिलं आणि चार वर्षं मागचं साल सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायचं होतं. ते त्र्याण्णवपर्यंत आले, शहाऐंशीला अडखळले, मग नुसतेच हसले, ओशाळल्यासारखे. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, किल्ली, गुलाब, पूल. पाच मिनिटांनी त्यातला एकच उरला. बायकोचे डोळे भरून आले, तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता आणि त्याचा यातल्या कशावरच विश्वास बसत नव्हता. कारण त्याच दिवशी सकाळी चहाच्या वेळी वडिलांनी पेपरची तारीख वाचून त्याला सांगितलं होतं की लाइटबिलाची मुदत उद्या संपतेय. आणि सात वजा करणं म्हणजे काय, दुधाच्या पिशव्यांचा महिन्याचा हिशेब ते आजही बोटं न हलवता करायचे. आईचं एक आवडतं वाक्य होतं. काम टाळायला डोकं दुखतंय म्हणणाऱ्या लेकीला, उधारी विसरणाऱ्या शेजारणीला ती एकच ऐकवायची, वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. आपला बाप आत्ता, या निळ्या पडद्याच्या खोलीत, सगळ्यांसमोर पेडगावला निघालाय हे त्याला कळत होतं. कशासाठी ते कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवात आहे. घाबरू नका. एक गोळी रोज." बायको औषधांच्या दुकानाच्या रांगेत उभी राहिली. बाहेरच्या बाकावर दोघंच. तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "किल्ली, गुलाब, आणि?" रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. "पूल," ते म्हणाले. "उद्या सुट्टी काढ. ती कामाला गेली की बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते त्याच्या खोलीत आले आणि खुर्ची असताना पलंगाच्या कडेवर बसले. गाडी टेबलावर होती. तिच्याकडे न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि नवल म्हणजे त्यांचा आवाज पुन्हा तोच झाला होता, लाइटबिलाची मुदत सांगणारा.

"नटबोल्ट मी नंतर आवळले. पहिले तीन महिने माझ्या हातात पाना दिलाच नाही कुणी. सगळ्यात लहान होतो ना. मला बादली दिली. आघाडीवरून गाड्या परत यायच्या वर्कशॉपात. इंजिनवाले इंजिन बघायचे, पट्ट्यावाले पट्टे. त्याच्याआधी कुणीतरी गाडी आतून धुवायला लागते."

"आतून," तो म्हणाला.

"माणसं आधीच काढलेली असायची. बाकीचं राहायचं." ते थांबले. गुडघ्यावरचा सदरा त्यांनी हातानं सारखा केला. "तेही धुवायला एक पद्धत असते. छत आधी. आमचे वस्ताद होते, ते दारात उभं राहून सांगायचे. जमिनीचे पत्रे उचलून खालीसुद्धा हात घालायचा. मग रंग. दुपारपर्यंत गाडी नवी दिसली पाहिजे. तिच्यात बसणारी नवी पोरं तिथेच भिंतीला टेकून वाट बघत बसलेली असायची. त्यांना कळता कामा नये, एवढाच हुकूम."

"आणि फोटो?"

"वर्कशॉपात एकाकडे कॅमेरा होता. ती गाडी नुकतीच आली होती. मला काहीतरी अचकट विचकट बोलला तो, मी हसलो. मागचं दार अजून उघडलं नव्हतं मी." पहिल्यांदाच त्यांनी गाडीकडे पाहिलं. "तू चिखल असा काही केलास, बाळा, की मला एकदम तिथलंच ऊन दिसलं. आता दार उघडायचंय, असं."

वडिलांनी पुढचं आपणहून सांगितलं, सांगून टाकायचं ठरवून आल्यासारखं, मध्ये श्वास न घेता. ती गाडी त्यांनी धुतली. घाईची होती, रंग ओला असतानाच पोरं आत चढायला लागली. त्यातला एक दारात थबकला, नाक वर करून म्हणाला, वास कसला येतोय रे? "मी म्हटलं, नवा रंग आहे. तो म्हणाला, बरंय, लग्नाच्या घरासारखा येतोय. हसला आणि बसला. डाव्या बाकावर, दाराशी. नवव्या दिवशी गाडी परत आली. दोनशे सतरा. सातची शेंडी तशीच मोडकी होती, म्हणून अख्खा नंबर न वाचताच ओळखली. वस्ताद म्हणाले, दुसऱ्या कुणाला देऊ का. मी म्हटलं, नको. मी धुतो." ते खोकले. "डाव्या बाकापासून सुरुवात केली. तेवढंच. पद्धत मोडून."

खिडकीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होत नव्हती. त्याला वाटलं आपण उठून बापाच्या शेजारी बसावं, खांद्यावर हात ठेवावा, बायकोनं ठेवला होता तसा. तो उठलासुद्धा. पण ठेवला गेला तो हात टेबलाच्या कडेवर. "मग मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "नाही म्हणायचं होतंत. मी लावली नसती खुर्ची तिथे."

"काय सांगू? तू वर्षभर राबलास. इतकी हौस. तू म्हणालास, लोक विचारतील." वडील हसल्यासारखे झाले. "कुणाला दोष नाही रे. वयाचा एक फायदा आहे. विसरतो म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ताईला, सूनबाईला सांगू नकोस. गोळी घेईन मी, एका गोळीनं काय होतंय." दारापर्यंत जाऊन ते वळले. "तू ती परत मळवणार?"

"नाही," तो म्हणाला.

तो खरं बोलला होता, आणि तरीही ते खोटं होतं. कारण वडील बोलत असताना, म्हणजे अगदी डाव्या बाकाचं सांगत असतानासुद्धा, त्याच्या डोक्यातला एक कोपरा मुकाट्यानं काम करत होता. जमिनीचे पत्रे उचलता येतात, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते अखंड केले होते. ओल्या रंगावर चढलेल्या बुटांचे ठसे कडेला फुगतात. घाईत धुतलेल्या गाडीच्या कोपऱ्यात पाणी राहतं, आणि तिथे रंग वेगळा सुकतो. हे सगळं करता येईल. आत्तापर्यंत आपण फोटोवरून करत होतो. आता खरी करता येईल, ही गोष्ट त्याच्या बोटांना त्याच्याआधी समजली होती. पुढचे कितीतरी दिवस लॅबमध्ये पोर्सिलेनवर पिवळसर छटा चढवताना त्याला स्वतःच्या बोटांची किळस येत राहिली. कुणाच्या तरी तोंडातली पडझड हुबेहूब उतरवायची आणि शाबासकी घ्यायची. इतकी वर्षं हे त्याला कसब वाटत होतं. शनिवारी त्यानं मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला की गाडी पडली, तुटली, यंदा जमत नाही. सेक्रेटरी हळहळला. "दुरुस्त होण्यासारखी आहे ना?" त्यानं विचारलं. तो म्हणाला, "बघतो." खोटं बोलणं इतकं सोपं जातं याचं त्याला नवल वाटलं.

मग घरात एक नवाच क्रम सुरू झाला. सकाळी नाश्त्यानंतर बायको गोळी आणि पाणी द्यायची, वडील आज्ञाधारकपणे गिळायचे, आणि गिळताना क्षणभर त्याच्याकडे बघायचे. तेवढ्या एका नजरेवर त्यांचं दोघांचं काहीतरी चालू होतं, जे चाळीस वर्षांत कधी नव्हतं. ताईचा फोन आला की वडील मुद्दाम एखादी चूक करायचे, नातीचं नाव चुकवायचे, आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, "बरं जमलं की नाही?" त्याला हसू यायचं आणि हसल्याबद्दल लाज वाटायची. बायको त्या दिवसांत फार हळवी झाली होती. त्यांच्या खोलीच्या दारावर तिनं मोठ्या अक्षरांत कागद लावले, बाथरूम, कपाट, चष्मा. एकदा ती त्याच्याजवळ रडली, "तुझं काहीच कसं होत नाही रे? वडील आहेत तुझे." सांगितलं असतं तर तिचा भार उतरला असता, पण वडिलांना पुन्हा ते दार उघडावं लागलं असतं. गाडी कपाटावर होती, हिरवी, कोरी. तिला त्यानं हात लावला नव्हता. वडीलही त्या खोलीत येत नसत.

आठनऊ महिने असे गेले असतील. चुका वाढत होत्या. त्याला वाटायचं, सराव झालाय त्यांना. एकदा ते दुपारी आईच्या नावानं हाक मारत स्वयंपाकघरात गेले. बायको तिथे होती, म्हणजे बघणारं कुणीतरी होतं, म्हणून तो निर्धास्त राहिला. रात्रीच्या जेवणाला त्यानं हळूच म्हटलं, "आज जरा जास्तच झालं हं, बाबा." त्यांनी भाताचा घास तसाच धरून विचारलं, "काय?" आणि त्याला वाटलं, हेही त्यातलंच.

मग तो रविवार. बायको बहिणीकडे गेलेली, घरात दोघंच. तो टेबलाशी बसून चष्म्याचा स्क्रू आवळत होता. दारात चाहूल लागली. वडील आत आले, खोली पहिल्यांदाच बघितल्यासारखे फिरले, आणि कपाटापाशी थांबले. "अरे वा," ते म्हणाले. "छान आहे. नवीन घेतलीस?"

त्यानं मान वर केली. घरात कुणी नव्हतं. फोन चालू नव्हता. त्यानं त्यांच्या नजरेत ती नाश्त्याच्या वेळची ओळख शोधली, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्याच्या हातातला स्क्रू निसटून कुठेतरी गेला. वडिलांनी गाडी दोन्ही हातांनी अलगद खाली काढली, टेबलावर ठेवली. त्यांचे हात मुळीच थरथरत नव्हते. त्यांनी मागच्या दाराच्या कडीत नख घातलं आणि दार उघडलं, लहान मूल पेटी उघडतं तसं, आत काय असेल या निव्वळ उत्सुकतेनं. वाकून त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही. आता ते या जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

"आत कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा," तो म्हणाला. "नुसती शोभेची आहे."

"मग बरं," वडील म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.